तोंडावरचा हात

डबा उघडला आणि दातकरनं तो लगेच परत बंद केला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवून डॉक्टरांना पुरवणाऱ्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत रोज सकाळी पंधरा-वीस निळे डबे यायचे. आत कुणाचा तरी प्लास्टरचा जबडा, वर रबरानं अडकवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसायचंच. नंबर, वय, बाई की पुरुष, दाताचा रंग, आणि अगदी खाली डॉक्टरांची एखादी सूचना. एवढी माणसं आपण बनवलेले दात घालून हसतात, जेवतात, बायकोशी भांडतात आणि त्यांतल्या एकाचंही तोंड आपण पाहिलेलं नाही, याचं दातकरला सुरुवातीला नवल वाटायचं, पुढे वाटेनासं झालं. आजच्या चिठ्ठीवर होतं: पुरुष, वय एक्क्याऐंशी, वरची आणि खालची पूर्ण कवळी. आणि खाली डॉक्टरांच्या पळत्या अक्षरात, पेशंट म्हणतात दात कॉन्स्पिक्युअस नसावेत. हा शब्द काही त्या डॉक्टरांचा नव्हता. ते ‘नॅचरल हवेत’ एवढं लिहून मोकळे होत. कॉन्स्पिक्युअस म्हणजे उठून दिसणारा, माझ्याकडे बघा म्हणणारा. चौथ्या रविवारचा सातवा शब्द. दातकरनं उगीचच आजूबाजूला पाहिलं आणि डबा पुन्हा उघडला.

शब्द काय, कुणाच्याही तोंडी येईल. पण प्लास्टर खोटं बोलत नाही. खालच्या जबड्यावर डाव्या अंगाला मसुराएवढा उंचवटा होता. वरच्या ओठाला आतून धरून ठेवणारी कातडीची दोरी मध्यावर नसून जराशी डावीकडे सरकलेली होती. या हिरड्या दातकरनं जन्मात पाहिल्या नव्हत्या, तरी त्याला त्या पाठ होत्या. कारण त्यांच्यावर बसणारी जुनी कवळी गेली तीन वर्षं रोज सकाळी त्याच्याच घरात, बेसिनवरच्या फळीवर, पेल्यातल्या पाण्यात पडलेली असायची. सासरे सकाळचा पाऊण तास बाल्कनीत बसून बोटानं हिरड्या चोळत बसायचे आणि तेवढा वेळ ती कवळी एकटी असायची. एकदा न राहवून त्यानं ती चोरासारखी उचलली होती, उलटी करून आतून पाहिली होती. कुणीतरी घाईत उरकलेलं काम. मसुराएवढ्या उंचवट्याला जागा ठेवलेली होती, पण तीही चुकून ठेवल्यासारखी. दोरीची खाच नुसती कानशीनं ओरबाडलेली. मागची बाजू झिजून एवढी सैल झाली होती की बोलताना ती खाली यायची, आणि प्रत्येक ‘स’ला बारीक शिट्टी वाजायची. म्हणून सासरे बोलताना डावा हात तोंडावर ठेवत. कुणाला वाटावं विचार करताहेत. दातकरला माहीत होतं, ते कवळी सांभाळताहेत.

‘‘काय झालं? फुटलंय का आतलं?’’ शेजारच्या टेबलावरून डिप्लोमावाल्या बाईंनी विचारलं.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘चांगलं आलंय.’’

घरात कारागीर असताना सासऱ्यांनी ती शिट्टी वाजवणारी कवळी वर्षानुवर्षं वापरली, हे बायकोला लागायचं. तिनं एकदा सरळ विचारलं होतं, ‘‘अण्णा, नवी का नाही करून घेत यांच्याकडून?’’ तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता उत्तर दिलं होतं, ‘‘घरच्या माणसाकडून तोंड मोजून घेऊ नये.’’ यात अपमान कुठे आहे ते दाखवता येत नव्हतं, आणि नाही असंही म्हणता येत नव्हतं. सासरे चाळीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार बोलत, वकील ओरडत, न्यायाधीश पुटपुटत, आणि यांची पेन्सिल सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या मुलीनं लग्न करायचं ठरवलं ते अशा माणसाशी, जो दहावीनंतर चुलत्याच्या ओळखीनं दातांच्या कारखान्यात प्लास्टर कालवायला लागला होता. ‘‘कोण, तो दातकर?’’ ते म्हणाले होते. ‘‘दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. हे घासून भरणार का?’’ नाव तिथून पडलं. पुढे बायको लाडानं तेच म्हणायला लागली, कारखान्यात गेलं, मित्रांत गेलं, आणि अठरा वर्षांत त्यातला काटा झिजून गेला. निदान दातकरनं तरी तसं धरून चाललं होतं. सासूबाई गेल्यावर सासरे राहायला आले ते एक खुर्ची, एक शब्दकोश आणि ती कवळी घेऊन. जावयाला ते ‘जावईबापू’ म्हणत. ‘अहो’ कधी चुकलं नाही, जवळीक कधी झाली नाही.

मग परीक्षेचं लचांड मागे लागलं. नवा नियम असा आला की ज्यांच्याकडे डिप्लोमा नाही, हातानंच काम शिकलेत, त्यांनी तीन पेपर द्यायचे. पास झालात तर स्वतःच्या सहीनं काम करा. नाही तर कुणातरी डिप्लोमावाल्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहा. तीन संधी. हातानं करून दाखवायचा पेपर दातकरनं असा केला की परीक्षकानंच विचारलं, हे वळण कुठून शिकलात. दुसराही निघाला. अडला तो इंग्रजीचा पेपर. त्यात निबंध होता, आणि निबंधात दातकरचं इंग्रजी म्हणजे दमेकऱ्यानं जिना चढावा तसं होतं. दोनदा नापास. दुसऱ्या वेळी उत्तरपत्रिकेवर शेराच होता: शब्दसंग्रह फार अपुरा. दरम्यान कारखान्यात डब्याच्या चिठ्ठीवर ‘बनवणाऱ्याची सही’ या रकान्यात त्या बाई सही करायच्या. सभ्य बाई. सही करताना दातकरकडे न बघता करायच्या, आणि त्यांचं ते न बघणंच त्याला जास्त बोचायचं. दात आपले, वळण आपलं, आणि सही करून निरोप द्यायचा दुसऱ्यानं. आता एकच संधी राहिली होती.

ती उत्तरपत्रिका जेवणाच्या टेबलावर दोन दिवस पालथी पडून होती. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ती उलटली, वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. दातकर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, आणि शाळकरी पोरासारखा चौकट धरून.

‘‘शब्द पाठ केलेत का तुम्ही?’’ हात तोंडावर ठेवून त्यांनी विचारलं.

‘‘तीनशे.’’

‘‘कुठे गेले ते?’’

दातकरनं उत्तरपत्रिकेवरच्या शेऱ्याकडे पाहिलं.

‘‘पाठ केलेला शब्द पाहुण्यासारखा असतो. परीक्षेच्या दिवशी सकाळीच उठून जातो. त्याला राहायला घर लागतं.’’ मग जरा थांबून, ‘‘दर रविवारी दहा शब्द देतो. पुढच्या रविवारपर्यंत त्यांची एक गोष्ट लिहायची. एक पान. दहाच्या दहा यायला हवेत, आणि एकही मला दिसता कामा नये.’’

‘‘दिसता कामा नये म्हणजे?’’

‘‘तुमच्या धंद्यात चांगला दात कुठला?’’

‘‘जो दात बसवलेला वाटत नाही तो.’’

‘‘मग मला काय विचारता,’’ सासरे म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

पहिल्या गोष्टी आठवल्या की अजून कान तापायचे. मेलँकली म्हणजे खिन्न, हा शब्द त्याला असा काही आवडला की दुसऱ्या गोष्टीत डॉक्टर खिन्न, खुर्ची खिन्न, दाराशी बांधलेलं पेशंटचं कुत्रंही खिन्न. सासरे चुका सुधारत नसत. नुसते समासात पेन्सिलीनं प्रश्न विचारत, कोर्टात उलटतपासणी चालावी तसे. कुत्र्यापाशी लिहिलं होतं, ‘याचं काय बिघडलंय?’ दातकर तासभर त्या प्रश्नाकडे बघत बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला माहीत नाही. कुत्रं आपण शब्दासाठी आणून बांधलंय. पुढल्या खेपेला कुत्रं काढलं. मग एकदा त्यानं फारच मोठी फजिती करून घेतली. एका डॉक्टरांच्या डब्यात एक दाढ प्लास्टरवर नीट बसत नव्हती. एरवी त्यानं ‘बसत नाही, माप पुन्हा घ्या’ लिहिलं असतं. त्या आठवड्यात रिलक्टंट हा शब्द चालू होता, मनात नसताना करणारा, मागे मागे सरणारा. त्यानं चिठ्ठीवर झोकात लिहिलं की ही दाढ रिलक्टंट आहे. डॉक्टरांनी मालकांना फोन केला, तुमचा माणूस कामावर घेऊन येतो की काय? मालकांनी बोलावून तोंड हुंगलं. संध्याकाळी त्यानं हे घरी सांगितलं तेव्हा बायको हसता हसता खुर्चीवरून खाली आली, आणि सासऱ्यांनी हात तोंडावर ठेवला तो कवळीसाठी की हसण्यासाठी, ते कळलं नाही. रविवारी मात्र वहीत रिलक्टंटखाली लिहिलेलं होतं: ‘हा शब्द आता तुमचा झाला.’

हळूहळू काहीतरी होत गेलं. काय, ते दातकरला नेमकं सांगता आलं नसतं. कामावरून सुटल्यावर तो पुलावरून चालत घरी यायचा. पूर्वी तो पूल म्हणजे फक्त घर आणि कारखाना यांमधलं अंतर होतं. आता पुलाच्या मध्यावर पाय आपोआप मंद व्हायचे आणि आतून कुणीतरी म्हणायचं, लिंगर. मराठीत रेंगाळणं होतंच की, आई लहानपणी त्यावरूनच रागवायची; पण रेंगाळताना आपण रेंगाळतोय याकडे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. परका शब्द दारात येऊन उभा राहिला म्हणून घरातलं माणूस उठून बाहेर आलं, असं काहीतरी. आणि गोष्टींना माणसं लागायची. ती आणणार कुठून? माणसं डब्यांत होती. बाई, वय चौतीस, वरचा पुढचा एक दात, घाई. का घाई? पुरुष, वय एकोणीस, पुढचे तीन. कुणी पाडले? बावीस वर्षं ज्या चिठ्ठ्या तो वाचून केराच्या डब्यात टाकायचा त्या आता खिशात घालून घरी आणायला लागला. प्लास्टरला त्यानं पहिल्यांदा ओठ लावले, ओठांना बोलणं दिलं. रात्रंदिवस तोंडं घडवणाऱ्या माणसाला तोंड म्हणजे काय ते चाळिशीनंतर कळायला लागलं होतं, आणि ते कळावं म्हणून एक म्हातारा दर शनिवारी शब्दकोशाची पानं चाळत, भिंगातून बघत, दहा शब्द निवडत बसायचा. पाच किलोचा तो शब्दकोश त्याला मांडीवर पेलायचा नाही. उशी घेऊन बसायचा. हे दातकर बघायचा आणि त्याचं मन भरून यायचं. पण ‘थँक यू’ म्हणायचं धाडस होत नव्हतं. म्हटलं असतं तर समासात प्रश्न आला असता.

चोविसाव्या रविवारच्या गोष्टीनं घोटाळा केला. चौतीस वर्षांच्या त्या बाईची गोष्ट. तिचा पुढचा दात पडलेला असतो, ती हसताना तोंडावर हात ठेवते. कारागीर दात बनवतो, तो तिला बसतो, इतका बेमालूम की तिच्या आईलाही कळत नाही. काही महिन्यांनी कारागीर बसथांब्यावर उभा असताना शेजारी एक बाई मैत्रिणीशी बोलत हसते. दात त्याचाच, शंभरांत ओळखू येईल. पण हसताना तिचा हात वर जातो आणि तो दात झाकतो. दात आला, पण हात गेला नाही. त्याला वाटतं सांगावं, बाई, आता लपवायला काही नाही. तेवढ्यात बस येते. गोष्ट एवढीच. ती त्यानं दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्टीत लिहिली, आणि लिहिताना पहिल्यांदाच दहा शब्दांची यादी खिशातून काढावी लागली नाही. वही दिली. सासऱ्यांनी वाचली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. मग वही घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. पुढच्या रविवारी शब्द मिळाले नाहीत.

‘‘पुरे झालं आता,’’ एवढंच म्हणाले.

परीक्षा तीन आठवड्यांवर. वही परत नाही, समासातला प्रश्न नाही, काही नाही. दातकरला आधी वाटलं गोष्ट फसली. मग वाटलं, मीच फसलो, यांनी माझा नाद सोडला. पाचव्या दिवशी जेवताना सासरे मुलीला काहीतरी सांगायला लागले. हात वर निघाला, आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग तो खाली घेऊन ताटाशेजारी ठेवला आणि बोलणं तसंच सोडून दिलं. तेव्हा दातकरला उमगलं. तो हात! बाई नव्हतीच मुळी. बसथांबाही नव्हता. तीन वर्षं ज्या हाताकडे आपण टेबलाच्या पलीकडून बघत होतो तो हात आपण उचलला, एका चौतीस वर्षांच्या बाईला चिकटवला आणि ज्याचा त्यालाच वाचायला दिला. म्हाताऱ्याचं व्यंग चव्हाट्यावर मांडलं, तेही त्यानंच दिलेल्या शब्दांत. लाजेनं मेल्याहून मेलं होण्याला एक शब्द होता, बाविसाव्या रविवारचा. पण त्या घटकेला तो आठवला नाही. माफी मागावी तर बोलायचं काय? की मी तुमच्या कवळीवर गोष्ट लिहिली? त्यानंतर तीन दिवसांनी तो डबा आला.

त्या जबड्यावर त्यानं तीन दिवस काम केलं. एरवी दीड दिवसाचं. मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, गरम सुरीनं मेण सरकवायचं, पुन्हा बघायचं. कॉन्स्पिक्युअस नसावेत. सरळ रांगेत मांडले तर ते ओरडूनच सांगतील की आम्ही विकत आणलेले आहोत. बाहेरच्या खोलीत सासू-सासऱ्यांचा जुना फोटो होता. त्यात पस्तिशीतले सासरे तोंडावर हात न ठेवता हसत होते, आणि वरच्या दोन दातांतला एक दुसऱ्यावर किंचित चढलेला होता. हा फोटो दातकरनं अठरा वर्षं पाहिला होता. दात आत्ता पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो दात तसाच चढवला, केसभर. घरी मात्र कुणी कुणाला काही बोललं नाही. एकाच्या हिरड्या दुसऱ्याच्या टेबलावर, आणि समोरासमोर बसून बोलणं काय, तर मीठ द्या. हा डबा रागानं पाठवलाय की कशानं, ते दातकरला ठरवता येत नव्हतं. उभ्या आयुष्यात जो घरच्या माणसाला तोंड मोजू देत नव्हता त्यानं बरोबर त्याच दवाखान्यात जाऊन माप दिलं होतं, जिथले डबे याच खोलीत येतात. तो बघत असेल, मी ओळखतो का. की माझी परीक्षा चाललीय? की ही शिक्षा आहे, घ्या, लिहिलंत ना तोंडावर, मग आता दुरुस्त करून द्या? मेणाच्या वासात त्याचं डोकं उठायचं, पण हात चुकत नव्हता. हाताला राग-लोभ कळत नाही ही देवाची कृपाच.

मेणातले दात पेशंटच्या तोंडात घालून बघतात, बोलायला लावतात, आणि बरे वाटले तरच पुढे पक्के करतात. हे दवाखान्यात होतं. कारागिराला कुणी बोलवत नाही. त्या दिवशी अकराच्या सुमारास डॉक्टरांचा फोन आला. ‘‘एक आजोबा हटून बसलेत. म्हणतात, ज्यानं दात मांडले त्याच्यासमोरच बोलीन. या जरा, माझे बाकीचे पेशंट खोळंबलेत.’’

दातकर हात धुवायचं विसरून गेला. खुर्चीत सासरे होते, गळ्यात कागदी रुमाल, चेहरा वरच्या दिव्यात. तोंडात दात होते. गाल भरून आले होते, आणि फोटोतला माणूस पंचेचाळीस वर्षं चालून तिथे येऊन बसला होता.

‘‘साठपासून सत्तरपर्यंत म्हणा, आजोबा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘एकसष्ट, बासष्ट. स नीट येतो का बघू.’’

‘‘आकडे नकोत. वाचून दाखवतो,’’ सासरे म्हणाले आणि पिशवीतून वही काढली. दातकरनं ती ओळखली. वही जाड होती, दोन्ही हातांनी धरावी लागली. त्यांनी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी वाक्यं एकामागून एक येत गेली, न शिट्टी, न अडखळ, कोर्टात जबानी वाचून दाखवताना येत असतील तशी, सपाट आणि स्वच्छ. बाईचा दात बसला. आईला कळलं नाही. बसथांबा आला. दातकर खुर्चीच्या मागे उभा राहून ऐकत होता आणि एक क्षण त्याला वाटलं, पुढे काय होणार? स्वतः लिहिलेल्या गोष्टीत. दात बरोबर बसलेत की नाही हे बघायला आपण आलोय, हे तो विसरलाच. बस आली, गोष्ट संपली. डॉक्टर म्हणाले, ‘‘वा, उच्चार तर फार छान आलेत.’’

सासऱ्यांनी वही मिटली. ‘‘दहा शब्द दिले होते,’’ ते म्हणाले. ‘‘तीनदा वाचली तेव्हा नऊ सापडले. दहावा अजून सापडलेला नाही.’’

‘‘आहे तो,’’ दातकर म्हणाला.

‘‘असेल. सांगू नका.’’ मग त्यांनी मान न वळवता विचारलं, ‘‘हात माझा आहे ना?’’

खोटं बोलावंसं वाटलं. ‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘चुकलं माझं, अण्णा.’’

‘‘चुकलं काय त्यात? मला इतकी वर्षं वाटायचं, हा माणूस माझ्या तोंडाकडे धंद्याच्या नजरेनं बघतो. गिऱ्हाईक म्हणून. तुमच्या गोष्टीतला तो कारागीर तसा बघत नाही.’’ ते थांबले. जीभ नव्या दातांवरून एकदा फिरून आली. ‘‘पोरीला वाचून दाखवायला बसलो होतो मध्यंतरी, तुम्ही कामावर होतात तेव्हा. पहिल्याच ओळीला कवळी सुटली. आता वही धरायची की तोंड? म्हटलं, हे काही खरं नाही.’’

म्हणजे दार लोटून घेतलं ते रागानं नव्हतं. शब्द बंद झाले ते नाद सोडला म्हणून नव्हते. हा म्हातारा एक्क्याऐंशीव्या वर्षी नवे दात करून घ्यायला निघाला होता तो जेवण्यासाठी नव्हे, हसण्यासाठी नव्हे. जावयाची गोष्ट मुलीला मोठ्यानं वाचून दाखवता यावी म्हणून. दातकरनं पाठ वळवून बेसिनवर उगीच हात धुतले, खूप वेळ.

‘‘चला तर,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘चार दिवसांत पक्के करून मिळतील.’’

‘‘चिठ्ठीवर सही कुणाची होणार?’’ सासऱ्यांनी विचारलं. लघुलेखकच तो, कागद दिसला की शेवटची ओळ आधी बघायची.

‘‘आमच्याकडच्या बाईंची,’’ दातकर म्हणाला. ‘‘नियम आहे तसा, माझा निकाल लागेपर्यंत.’’

‘‘त्यांनी बनवलेत का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग राहू देत मेणातच. तुमचा निकाल लागला की पक्के करा.’’

‘‘अण्णा, दोन महिने जातील. आणि मी नापास झालो तर?’’

‘‘तर मी असाच बसेन.’’ त्यांनी मेणातले दात काढून डॉक्टरांच्या हातात दिले. गाल पुन्हा आत गेले. आता हात वर गेला नाही. लपवायला काही उरलंच नव्हतं.

‘‘तोवर जुनी कवळी वापरा हो आजोबा,’’ डॉक्टर म्हणाले.

सासऱ्यांनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

ते दोन महिने बायको दोघांवरही जाम उखडलेली होती. ‘‘एकाला गिळायला द्यायचं, एकाला भूक नाही. दोघांनी मिळून माझ्या स्वयंपाकाचं मातेरं केलंत,’’ ती म्हणायची आणि सगळं मऊ शिजवून, घोटून, बापापुढे ठेवायची. तो चमच्यानं खायचा. दातकर समोर बसून बघायचा. परीक्षेला बसल्यावर निबंधाचा विषय वाचला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तोच चमचा आला. विषय होता, तुमच्यावर कुणी केलेले उपकार. त्यानं चमच्यापासून लिहायला घेतलं. एका घरात एक म्हातारा कुणाच्या तरी सहीची वाट बघत मऊ अन्न खातो आहे. त्यात किती मोठे शब्द आले ते त्यानं मोजलं नाही. मोजायला बसला असता तर सापडले असते की नाही कोण जाणे. घंटा झाली तेव्हा तो अजून त्या घरातच होता. पर्यवेक्षकांनी पेपर हातातून ओढून घेतला.

निकाल लागला. चोपन्न गुण, पन्नासला पास. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणायला हरकत नाही, पण त्या उंदराला दातकरनं कारखान्यात पालखीत बसवल्यासारखं मिरवलं. डिप्लोमावाल्या बाईंनी पेन पुढे केलं आणि या खेपेला त्याच्याकडे बघून केलं. चार दिवसांनी पक्के झालेले दात डब्यात ठेवून त्यानं चिठ्ठीवर सही केली. सही इतकी ऐसपैस झाली की रकान्याच्या बाहेर गेली.

संध्याकाळी सासरे दवाखान्यातून आले ते चिठ्ठी मागून घेऊनच. खिशातून काढून दिव्याखाली धरली, भिंग लावून पाहिली.

‘‘सही जरा कॉन्स्पिक्युअस झालीय,’’ ते म्हणाले.

‘‘हो,’’ दातकर म्हणाला.

‘‘असू द्या.’’

मग त्यांनी मुलीला हाक मारली, खुर्चीत बसवलं आणि वही दोन्ही हातांनी धरून गोष्ट वाचली. दातकर दारात उभा होता, ज्या दारात उत्तरपत्रिकेच्या दिवशी उभा होता त्याच. बायको ओले हात पदराला पुसायचेही विसरली. गोष्टीतली बाई हसली, तिचा हात वर गेला, बस आली. सासऱ्यांनी वही मिटली.

‘‘मग पुढे?’’ बायकोनं विचारलं. ‘‘काढला का तिनं हात कधी?’’

सासऱ्यांनी दातकरकडे पाहिलं. दातकरनं खाली पाहिलं.

‘‘विचारतेय ती,’’ सासरे म्हणाले. ‘‘रविवारपर्यंत लिहा.’’

‘‘आणि शब्द, अण्णा?’’

‘‘शब्द आता तुमचे तुम्ही बघा,’’ ते म्हणाले, आणि हसले. बायको बापाच्या तोंडाकडे बघतच राहिली, मग भिंतीवरच्या फोटोकडे, मग पुन्हा बापाकडे. दातकर पेन शोधायला आत गेला.